पळीभर तेल आणि एक कोडं

दोन संख्या शोधायच्या. त्यांच्या वर्गांच्या बेरजेतून १ काढला तरी पूर्ण वर्ग उरला पाहिजे आणि वर्गांच्या वजाबाकीतून १ काढला तरीही. ‘लीलावती’ या ग्रंथाच्या वर्गकर्म प्रकरणात भास्कराचार्यांनी हे कोडं घातलंय, तेही डिवचून: बीजगणितात मुरलेले लोकसुद्धा इथे मेटाकुटीला येतात, असं उदाहरणाच्या श्लोकातच सांगून टाकलंय.

‘लीलावती’चं नाव निघालं की घटिकापात्रात अडकलेला मोती आणि भास्कराचार्यांच्या मुलीचा हुकलेला लग्नमुहूर्त आठवतो. ही कथा पसरली ती फैजीच्या १५८७ च्या फारसी अनुवादातून. मूळ ग्रंथात तिचा मागमूस नाही. रडकथा वर्गमुळांपेक्षा सोपी, त्यामुळे ती टिकली आणि कोडं मागे पडलं.

उत्तरासाठी आचार्य एकाला तीन रीती देतात. पहिल्या दोन रीतींनी बहुतेक अपूर्णांक हाती येतात: १ आणि ३/२, नाहीतर ७/२ आणि ५७/८. तिसरी रीत पूर्णांकांची, आणि तीच सगळ्यांत देखणी. मनात येईल ती संख्या घ्यायची, हिला ते ‘इष्ट’ म्हणतात. इष्टाच्या चौथ्या घाताची आठपट करून त्यात १ मिळवला की पहिली संख्या. घनाची आठपट केली की दुसरी. इष्ट १ धरला तर ९ आणि ८. वर्ग ८१ आणि ६४. बेरजेतून १ गेला, १४४ उरले. वजाबाकीतून १ गेला, १६ उरले. इष्ट २ धरला तर १२९ आणि ६४, आणि मुळं येतात १४४ आणि ११२.

हे जमतं कसं? पहिल्या संख्येचा वर्ग केला की शेवटी सुटा १ उरतो आणि तो कोड्यातल्या ‘वजा १’ने उडतो. उरलेल्या राशीतून इष्टाच्या चौथ्या घाताची सोळापट बाहेर काढली की आत जे राहतं तोही पूर्ण वर्ग असतो: बेरजेच्या बाजूला ‘इष्टवर्गाची दुप्पट अधिक १’चा, वजाबाकीच्या बाजूला ‘उणे १’चा. दुसऱ्या संख्येत घन आला तो याचसाठी.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढचं मात्र फारसं सांगितलं जात नाही. चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या देवळातला एक शिलालेख मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून अभ्यासकांपुढे आणला. त्यात त्रिविक्रमापासून नऊ पिढ्यांची वंशावळ आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव (चौदाशे वर्षांचा योगी तो हा नव्हे) यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी झाला आणि आजोबांच्या ग्रंथांच्या पठणासाठी त्याने इथे मठ काढला.

मठ म्हटला की खर्च आला. शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, तिथल्या निकुंभ राजघराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृत श्लोकांत आहे, पण पैशाची गोष्ट निघताच भाषा मराठी होते, आणि तीही ‘ज्ञानेश्वरी’च्या सुमारे ऐंशी वर्षं आधीची. पाटण्याच्या बाजारात गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाकडे. चालत्या घाण्यामागे पळीभर तेल मठाला. मोजमाप करायचं ते मठाच्याच मापाने, आणि मापणावळीतला अर्धा हिस्साही मठाचाच.

वंशावळ आणि राजांची स्तुती अभ्यासकांनी पुष्कळ चघळली आहे. या शेवटच्या ओळींकडे भाषेचे लोक शब्दांसाठी वळतात, गणिताचे तर सहसा फिरकतही नाहीत. वास्तविक भास्कराचार्यांची शिकवणी कोणाच्या जिवावर चालायची होती, याचा पाटण्यातला हिशेब नेमका तिथेच आहे. ९ आणि ८ चा मेळ पोरांना समजावण्याचा खर्च तेल्याच्या घाण्यावर आणि बाजारातल्या गिऱ्हाइकावर टाकलेला होता, आणि त्याची नोंद संस्कृतात न ठेवता त्या तेल्याला कळेल अशा भाषेत दगडावर कोरून ठेवली होती.