अपेंडिक्सचं ऑपरेशन आणि उसाची मोळी



हंगामात पोट दुखलं तरी "तोड उरकू दे, मग बघू" असं आम्ही फडावर नेहमी ऐकतो. पण बेंबीभोवतीचं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, उलटी-ताप आला, तर एरंडेल देऊ नये, पोट चोळू नये. अपेंडिक्स फुटलं तर जिवावर बेततं. लगेच दवाखाना गाठावा.

ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तसं थोडं थोडं चालावं. वरची जखम सुकली तरी आतली भरायला वेळ लागतो. म्हणून साधारण ४ ते ६ आठवडे मोळी, खताचं पोतं उचलू नये. "मोळी कधी उचलू?" असंच डॉक्टरांना विचारावं. ताप आला, जखमेतून पू आला, तर परत दाखवावं.

तोडीची अडचण गट ऑफिसात कळवा. आम्ही मार्ग काढू.