कैसराचे आणि देवाचे

रविवारची मिस्सा आटोपून घरी आले, की आमच्या वसईच्या घरात चहाबरोबर प्रवचनाची उजळणी होते. परवाचे वाचन कैसराच्या नाण्याचे होते. दहावीतल्या मुलीने विचारले, ‘‘पप्पा, कैसराने देवाचाही वाटा मागितला तर?’’

मी गप्प झालो. बारा वर्षांपूर्वी कचेरीत साहेबांच्या शब्दावर मी एका खोट्या बिलावर सही केली होती. ‘पदरात लहान मूल आहे,’ अशी मनाची समजूत घातली होती. ते मूल आता समोर बसून उत्तर मागत होते! मी तिला फ्रांट्स येगरश्टेटरची हकिकत सांगू लागलो.

ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड या खेड्यातला हा शेतकरी. जन्म १९०७ चा. तरुणपणी मोटारसायकल उडवणारा, पुढे फ्रान्झिस्काशी लग्न झाल्यावर संसारात आणि प्रार्थनेत रमलेला. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केली आणि लोकांचा कौल घेतला. गावात विरोधी मत पडले ते या एकट्याचे. पुढे सैन्यात थोडे शिक्षण घेतल्यावर त्याची खात्री पटली, की हे युद्ध अन्यायाचे आहे. १९४३ मध्ये पुन्हा बोलावणे आले, तेव्हा त्याने लढायला नकार दिला. शुश्रूषापथकात काम करण्याची तयारी त्याने दाखवली. ती कोणी मानली नाही.

आपल्याला वाटेल, धर्मगुरूंनी त्याची पाठ थोपटली असेल. तसे झाले नाही. खुद्द बिशपांनीही त्याला घरादाराचा विचार करायला सांगितले. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, हे संत पौलाचे शिकवणे होतेच. येगरश्टेटरलाही ते मान्य होते. सरकारची आज्ञा पाळावी. पण ती पापच करायला सांगू लागली, तर देवाची आज्ञा मोठी, एवढेच त्याचे म्हणणे. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. तिन्ही मुली सहा वर्षांच्या आतल्या होत्या.

त्याच्या मरणाने युद्ध थांबले नाही. गावाने दोष दिला तो फ्रान्झिस्काला. तिने आधी नवऱ्याचे मन वळवून पाहिले होते. मग मात्र ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. विधवेचे निवृत्तिवेतनही तिला १९५० पर्यंत मिळाले नाही. शेत तिने राखले, मुली वाढवल्या. २००७ मध्ये लिंझच्या कॅथीड्रलमध्ये चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केले, तेव्हा ९४ वर्षांची फ्रान्झिस्का तिथे हजर होती. २०१३ मध्ये, शंभरी पुरी करून ती गेली.

देवाचे राज्य म्हटले, की आपल्याला मिरवणुका आणि घोषणा आठवतात. इथे तसले काहीच नव्हते. एक शेतकरी ‘नाही’ म्हणाला आणि त्याची किंमत त्याच्या बायकोने सत्तर वर्षे मोजली.

मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘पण त्या मुलींचं काय, पप्पा? त्यांनी काय केलं होतं?’’

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आजही नाही. पण मुलांसाठी म्हणून आपण जे जे करतो, ते खरोखर मुलांसाठीच असते का, हा प्रश्न मला त्या दिवशी टाळता आला नाही. चहा केव्हाच निवला होता. मी कप खाली ठेवला आणि तिला त्या बिलाबद्दल सांगायला सुरुवात केली.