ठासणीच्या बंदुकीचं तोंड

कुंडलला गेलो होतो तुफान सेनेच्या आठवणी ऐकायला. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारचं हे गाव, तुफान सेना ही त्याची फौज. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी लुटली, त्यात इथली पोरं होती. पण ज्या आबांच्या सोप्यात बसलो होतो, त्यांचं लक्ष वडिलांच्या ठासणीच्या बंदुकीकडं. "उद्या सांगलीला न्यायची. तोंड कापायची परवानगी आली." इतिहास तसाच ठेवून मी त्यांच्यासोबत निघालो.

परवाना पीकसंरक्षणाचा. सागरेश्वर अभयारण्यातली चितळं, सांबरं रात्री रानात उतरतात. त्यांना मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा, म्हणून आबा नुसती दारू ठासून बार काढतात. (सुतळी बॉम्ब स्वस्त पडेल, असं म्हटल्यावर ते तासभर बोलले नाहीत.) गेल्या पावसाळ्यात तोंडात चिखल बसलेला ध्यानात आला नाही आणि टोकाशी नळी उकलली.

सांगलीत बंदूकदुरुस्तीचा परवाना असलेल्या चाचांनी आधी कागद वाचले. शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणं परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही. मग गज आत सोडला, तोंडाशी बोटानं खूण धरली आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. खूण तळापर्यंत पोचली, म्हणजे आत बार नाही. नळी गरम पाण्यानं धुतली तेव्हा काळं पाणी आलं आणि गंधकाचा, कुजक्या अंड्यासारखा वास खोलीभर झाला. तो वास माझ्या शर्टाला घरापर्यंत होता.

"वीस इंच," चाचा म्हणाले. शिकारीच्या साध्या बंदुकीला कायदा निदान २० इंचांची नळी मागतो. ही तर ४० ची, कापायची जेमतेम अडीच. तरी पट्टी लावताना पुन्हा तेच, "वीस इंच ध्यानात ठेवायचं."

कारण नंतर कळलं. त्यांच्याकडं येणारे बरेचसे फुटकं तोंड घेऊन येत नाहीत. "पोत्यात बसंल एवढी करा" म्हणतात. पोत्यातून बंदूक कशाला न्यायची असते, हे सांगावं लागत नाही. चाचा त्यांना वीस इंच ऐकवून वाटेला लावतात. मला हा माणूस कारागिरापेक्षा राखणदारच जास्त वाटला.

कापायला फार वेळ गेला नाही. वेळ गेला तो कानशीला. गुण्या लावायचा, उजेडाकडं धरायचं, पुन्हा दोन हात मारायचे. तोंड एका बाजूला जरी कललं, तरी छर्रा वाकडा जातो. छर्रा भरायचाच नाही, हे आबांनी दोनदा सांगितलं. चाचांनी मान हलवली आणि घासत राहिले.

निघताना आबांनी विचारलं, "आवाज कमी तर हुणार न्हाई?"

"अडीच इंचानं चितळाला काय कळतंय?" चाचा म्हणाले. "पण परवान्यावर नवी लांबी चढवून घ्या. ते साहेबाला कळतं."