ओल आलेली भिंत घरच्या घरी कशी दुरुस्त करायची?

आज मी काशीच्या समोर, गंगेच्या पूर्व काठावर, रामनगरमध्ये आहे. राजा बलवंत सिंहांनी १८व्या शतकात चुनारच्या दगडात बांधलेला किल्ला इथलाच. इथल्या जुन्या विटांच्या घरांची तक्रार तुमच्या वाड्यासारखीच: भिंतीला लोणा लागतो, रंग टिकत नाही.

बरेच जण त्यावर सिमेंटचा गिलावा मारतात आणि फसतात. जमिनीतली ओल विटांमधून वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत निघून जाते, सिमेंटमधून सहज जात नाही. मग ती आणखी वर चढते आणि क्षार विटाच पोखरतात.

म्हणून आधी ओल कुठली ते शोधा. हातभर प्लॅस्टिक चारही कडांनी भिंतीवर चिकटवा. दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं, तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला दिसलं, तर हवेतली. तिथे खिडक्या उघडणं हाच उपाय.

ओल भिंतीतली असेल तर आधी नळ आणि पन्हळ तपासा. मग सुटा गिलावा काढा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा. धुतले तर ते परत आत मुरतात. भिंतीवर पाणी शिंपडा, एक भाग चुना व तीन भाग वाळूचा पातळ थर द्या, काही दिवस ओलसर ठेवा. चुन्याने डोळे भाजतात, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच.

भेग रुंदावत असेल किंवा तुळई वाकली असेल, तर मात्र हात लावू नका. जाणकार माणूस बोलवा.