परदेशप्रवासात पारपत्राची काळजी

मुलाबाळांना भेटण्यासाठी पुण्याहून अनेक ज्येष्ठ नागरिक परदेशी जातात. रोम, पॅरिस, बार्सिलोना येथील भुयारी रेल्वेत खिसेकापूंचा उपद्रव जुनाच आहे. परंतु अधिक फसवा प्रकार तोतया पोलिसांचा. साध्या वेषातील इसम ओळखपत्र झळकवून पारपत्र व पाकीट ‘तपासणीसाठी’ मागतो. अशा वेळी पाकीट हाती न देता पोलीस ठाण्यात येण्याची तयारी दाखवावी. तोतया बहुधा तेथूनच काढता पाय घेतो. पारपत्राची छायाप्रत मूळ पारपत्राच्याच पिशवीत ठेवणारेही आढळतात! ती वेगळी ठेवावी. एक प्रत घरीही असावी. पारपत्र हरवल्यास स्थानिक पोलिसांत नोंद करून तिच्या प्रतीसह भारतीय वकिलातीत जावे. तेथे मिळणारे आपत्कालीन प्रमाणपत्र केवळ मायदेशी परतण्यापुरते असते.