घोडी घ्यायचीय? आधी दात, खूर आणि पोट पाहा

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला माहेरी गेले होते, अंतरवाली सराटीला. जेवणं झाल्यावर ओसरीवर पुरुषमंडळींची बैठक बसली आणि विषय निघाला घोडीचा. माझ्या भाच्याच्या, म्हणजे भावाच्या मुलाच्या मनात वरातीची घोडी घ्यायचं आलं होतं. पाऊस हा असा. लग्नसराईत चार पैसे हातात येतील, असा त्याचा हिशेब. मार्गशीर्षाच्या अखेरीला नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. तिथं घोड्यांचा, गाढवांचा, उंटांचा मोठा बाजार असतो. तिथूनच घोडी आणायचं ठरत होतं.

चर्चा मात्र सगळी रंगाची. कुणी म्हणे पांढरीशुभ्रच हवी, कुणी म्हणे पंचकल्याणी, कुणी भोवऱ्यांची शुभाशुभ फळं सांगत होतं.

आत स्वयंपाकघरात सूनबाई भांडी आवरत होती. हळूच म्हणाली, "आत्याबाई, पैशाला माझी मोहनमाळ गहाण पडायचीय. घोडीचं खाणंपिणंही माझ्याच गळ्यात. मग बघायचं काय असतं, ते मला तरी सांगा की!"

तिचं म्हणणं मला पटलं. घरचं जनावर बाजारात पारखतात पुरुष, पण त्याला दोन्ही वेळा दाणापाणी घालते ती बाई. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे. घोडी नसली तरी गोठा असलेल्या मैत्रिणींना त्यातलं थोडंफार उपयोगी पडेल.

रंगाची गोष्ट

रंगांना आपल्याकडे छान नावं आहेत. अंग तांबूस-तपकिरी आणि आयाळ, शेपूट, पाय काळे, तो कुमैत. पांढऱ्यावर मोठाले गडद पट्टे, तो अबलख. चारी पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, तो पंचकल्याणी. मानेच्या खालच्या बाजूला, छातीकडे असलेल्या केसांच्या भोवऱ्याला देवमण म्हणतात आणि तो शुभ मानतात. हे सगळं ऐकायला गोड आहे. पण भोवरा म्हणजे केसांची वाढण्याची दिशा, दुसरं काही नाही. आपल्या डोक्यावर नसतो का? त्यापायी चांगलं जनावर नाकारू नये आणि वाईट जनावराला जास्त पैसे मोजू नयेत.

पांढऱ्या घोडीचं मात्र नीट समजून घ्या, कारण वरातीला तिलाच मागणी आणि तिचीच किंमत चढी. पांढरी घोडी दोन तऱ्हेची. नाकपुडी, ओठ आणि डोळ्यांभोवतीची कातडी गुलाबी असेल तर ती नुकरा; ती जन्मतःच पांढरी असते. तिची कातडी नाजूक, उन्हानं भाजते, म्हणून सावली हवीच. कातडी काळी आणि केस पांढरे असतील, तर ती शिंगरूपणी गडद रंगाची असते आणि वर्षं जातील तशी पांढरी होत जाते. म्हणजे काळ्या कातडीची घोडी दुधासारखी पांढरी दिसली की ती बहुधा तरुण नाही असं समजावं. अशा घोडीला उतारवयात शेपटीखाली काळ्या गाठी येतात. घेताना शेपूट उचलून जरूर पाहा.

जात कुठली?

माळेगावला काय किंवा दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या बाजारात काय, मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांची नावं सर्वांच्या तोंडी असतात. मारवाडी राजस्थानची, काठेवाडी सौराष्ट्राची. दोन्हींची खूण एकच: कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडू पाहतात. काठेवाडीचे कान जास्तच वळलेले. नुकरा ही खरं म्हणजे जात नव्हे, रंग आहे. हे ध्यानात असलं म्हणजे बोलणाऱ्याच्या बोलण्यात आपण अडकत नाही.

आणि आपली घरची जात? भीमथडी! आपल्या राज्यगीतातही भीमथडीच्या तट्टांचं नाव आहे. अंगानं लहान, पण काटक आणि थोडक्या चाऱ्यावर भागवणारी. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागातले मेंढपाळ धनगर आजही बिऱ्हाड याच घोड्यांवर लादून रानोमाळ फिरतात. भांडीकुंडी, अंथरुणं, कोकरं, कधी तान्हं मूलसुद्धा घोड्यावर. आणि हे बिऱ्हाड लादायचं काम तिथं बायकांचं. घोड्याची ओळख बायकांना नसते, असं कुणी म्हणालंच तर त्याला हे सांगा. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं अलीकडे या भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

दात आणि खूर

वय दातांवरून कळतं. पुढचे दात वर सहा, खाली सहा. दुधाचे दात लहान आणि पांढरे, पक्के दात मोठे आणि पिवळसर. मधली जोडी अडीचाव्या वर्षी बदलते, तिच्या शेजारची साडेतीनाव्या आणि कडेची साडेचाराव्या वर्षी. पाच वर्षांची घोडी म्हणजे तोंड पुरं झालेली. पुढं खालच्या दातांवरचे खळगे झिजत जातात: मधले सहाव्या, त्यापुढचे सातव्या, कडेचे आठव्या वर्षाच्या सुमारास. नंतर दात पुढं तिरपे होऊ लागतात. तिथून पुढचं वय अंदाजानंच सांगायचं. तोंड पुरं व्हायच्या आत नवरदेवाचं ओझं पाठीवर घालू नये.

मग चारी खूर एकेक करून उचलायला लावा. घोडी मुकाट्यानं पाय देते का? खुराला भेग, दुर्गंधी, गरमपणा नाही ना? कठीण जमिनीवर तिला दुडक्या चालीनं पळवायला सांगा. पुढचा दुखरा पाय टेकला की डोकं वर उडतं, ही लंगडण्याची पक्की खूण. आणि वरातीची घोडी म्हणजे बँड आणि फटाके आलेच. बाजारातल्या ढोल-ताशाजवळून तिला एकदा नेऊन आणा. बुजते की शांत राहते, ते तिथंच कळेल. खूर सतत वाढत असतात, म्हणून दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंदाला बोलवावं लागतं. हा खर्चही हिशेबात धरा.

इथंच घोडं पेंड खातं

आता सगळ्यात महत्त्वाचं, पोट. आमच्या वडिलांची एक घोडी होती. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. घरच्या लग्नात सगळ्यांनी कौतुकानं तिला गूळ घातला, पोळ्या घातल्या, कुणी गव्हाची पाटीच पुढं ठेवली. मीही माझ्या हातानं लाडू भरवले. रात्री ती पाय आपटू लागली, वळून वळून पोटाकडे पाहू लागली, मग लोळू लागली. कुणीतरी बांबूच्या नळीनं तेल पाजलं. पहाटे ती गेली. वडील दोन दिवस जेवले नाहीत. ते लाडू मी आजही विसरले नाही.

घोड्याचं पोट, म्हणजे जठर, त्याच्या देहाच्या मानानं फार लहान. आठ ते पंधरा लिटरचं. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. जे आत गेलं ते पुढंच सरकायला हवं. म्हणून थोडं थोडं, पुष्कळ वेळा खायला घालावं. वजनाच्या दर शंभर किलोंना दिवसाला दीड ते दोन किलो सुकं खाणं धरावं. त्यात मुख्य वाटा वाळलेलं गवत आणि कडब्याची बारीक कुट्टी यांचा. हरभरा भिजवून आणि बेतानंच द्यावा. चारा-दाणा बदलायचा तर आठवडाभरात हळूहळू बदलावा. बुरशी आलेला कडबा आणि कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको. दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून अधिक.

गाईम्हशींचा तयार खुराक किंवा कोंबड्यांचं खाद्य घोडीला कधीच घालू नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते चालतं, घोड्याचा जीव घेतं.

पोटदुखीची लक्षणं दिसली की खाणं काढून घ्या, जमेल तसं हळू हळू फिरवा आणि लगेच पशुवैद्याला बोलवा. नळीनं तेल, काढा काही पाजू नका. ते फुफ्फुसात जातं. निरोगी घोडीचा ताप ९९ ते १०१.५ अंश फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, आणि हिरड्या गुलाबी व ओलसर. हे आकडे गोठ्याच्या दारामागं लिहून ठेवावेत.

आणखी तीन आजार

धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो. खुरात खिळा घुसला तरी पुरे. त्याची लस टोचून घ्यावी. दुसरा सर्रा, चावणाऱ्या माश्यांमुळं पसरतो. ताप येतो-जातो, घोडी खंगते, पायांवर आणि पोटाखाली सूज येते. तिसरा ग्लँडर्स. नाकातून चिकट घाण स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी ही लक्षणं. हा माणसालाही होतो, त्याला लस नाही, आणि रोग ठरला तर कायद्याप्रमाणं जनावर संपवावं लागतं. म्हणून रक्ताच्या तपासणीचा दाखला पाहिल्याशिवाय बाजारातली घोडी दावणीला आणू नये.

सूनबाईनं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. माळेगावला ती नवऱ्याबरोबर स्वतः गेली. पहिल्या दिवशी सगळ्यांना आवडलेली पांढरी घोडी हिनं शेपूट उचलून पाहिली आणि "नको" म्हणाली. बरोबरचे लोक हसले. भाच्यानं मात्र ऐकलं. दुसऱ्या दिवशी सहा वर्षांची, शांत, कुमैत घोडी कमी पैशात ठरली. तपासणीचा दाखला हातात आल्यावरच पैसे दिले.

परवा फोनवर म्हणाली, "आत्याबाई, रंगासाठी कुणी अडून बसत नाही हो! झूल आणि गोंडे घातले की सगळे नवरदेव खूश. पण वरातीत बायका लाडू घेऊन येतात, त्यांना नाही म्हणताना जीव नकोसा होतो."

"नाहीच म्हणायचं," मी म्हटलं. "अगदी विहीणबाईंनासुद्धा!"