तोंड नसलेला पतंग आणि रस पिणारा पतंग

पोरांनो, आज आपल्या विदर्भातल्या दोन पतंगांची गोष्ट ऐका. नात्याने भाऊबंद, पण जगण्याची तऱ्हा अगदी उलट.

पहिला भंडारा-गडचिरोलीच्या जंगलातला टसरचा पतंग. त्याची अळी ऐनाची, अर्जुनाची पानं खाते. महिना-दीड महिना नुसतं खाणं! चारदा कात टाकते, बोटाहून जाड, हिरवीगार होते आणि मग कोसा विणायला घेते. विणण्याआधीची तिची तयारी बघा. रेशमाचा एक पक्का देठ करते, त्याचं कडं फांदीभोवती आवळते आणि मगच स्वतःला आत कोंडून घेते. पान गळलं तरी कोसा फांदी सोडत नाही. पुढे आतला पतंग डोक्याकडून द्रव पाझरवतो, कोशाचं टोक मऊ करतो आणि बाहेर येतो. पंख पसरले की वीतभर भरतो; चारही पंखांवर एकेक पारदर्शक डोळा. आणि खायला? तोंडच नाही! सोंड इतकी खुंटलेली की थेंबभरही ओढता येत नाही. अळीपणी साठवलं त्यावरच थोडे दिवस काढायचे. नराच्या रुंद, केसाळ मिशांना अंधारात दुरूनही मादीचा वास लागतो. जोडी जमते, मादी अंडी घालते आणि आयुष्य संपतं. मला विचाराल तर याच्याएवढं नवल दुसरं नाही.

दुसरा काटोल-नरखेडकडच्या संत्राबागांतला, फळांचा रस पिणारा पतंग. एरवी पिकाचं नुकसान अळी करते. इथे अळी संत्र्याला शिवतही नाही. ती वाढते बांधावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर. त्रास देतो तो मोठा झालेला पतंग. दिवसा पंख मिटून वाळकं पान होऊन बसतो. पंख उघडले की मागचे नारिंगी, त्यावर काळे ठिपके. आंबिया बहाराची फळं पिकू लागली की रात्री बागेत येतो. कडक, काटेरी सोंड गिरमिटासारखी सालीत घुसवतो. छिद्र टाचणीएवढंच, पण तिथून बुरशी शिरते, फळ सडतं, गळतं.

नागपुरात रेशीम संचालनालय पहिल्याला जपतं, तर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था दुसऱ्यापासून बागा वाचवायच्या मागे असते. बागायतदार संध्याकाळी धूर करतात. तुमच्या घरी बाग असेल तर गळालेली संत्री झाडाखाली पडू देऊ नका, उचलून पुरा. त्यांच्या वासानेच हा पतंग आणखी येतो.